भिंतीची भेग आणि पॉलिसीतलं ‘खचणं’

सांगलीकडच्या काळ्या मातीत घर असेल तर भिंतीला भेग पडणं तसं नवं नाही. पण ‘जमीन खचतेय की काय’ अशी शंका आल्यावर विमा काढायला गेलात, की प्रश्न थेट संशोधनाचा होतो: कारण सिद्ध कसं करायचं?

१ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत भूकंप, पूर, दरड यांच्यासोबत घराखालची जमीन खचणंही धरलंय. मात्र नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं, भराव दबणं, नदीची धूप, सदोष बांधकाम हे सगळं वगळलंय. म्हणजे भेग तीच, पण कारण बदललं की भरपाई गेली! जुलै २०२१ मध्ये साताऱ्यात पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या, तिथं कारण डोळ्यांसमोर होतं. भेगेचं तसं नसतं.

काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून एकच फोटो पुरावा होत नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुणा करा आणि वर्षभर, दर महिन्याला अंतर मोजून तारखेसह वहीत लिहा. रुंदी ऋतूप्रमाणे कमीजास्त झाली तर बहुधा मातीचा खेळ. एकाच दिशेनं वाढत गेली तर पाया खचत असल्याचा संशय बळावतो. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवाच.

प्रपोजल फॉर्ममध्ये विचारलं असेल तर भेग लपवू नका, त्यावरून पुढे दावा नाकारला जाऊ शकतो. आधीचं नुकसान नवी पॉलिसी भरून देत नाही. नंतरचं वेगळं दाखवायला हीच वही लागते.