चतुर्थीचे पाहुणे आणि मच्छरदाणी

श्रावणातील भजने आटोपतात न आटोपतात, तोच चतुर्थीचे वेध लागतात. सुर्ल्यातील मूळ घरे परगावच्या आप्तेष्टांनी भरून जातात. साचलेल्या पाण्यामुळे डासांची पैदासही याच दिवसांत वाढते. यास्तव मलेरियाविषयी दोन शब्द सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

गोमंतकास हा रोग नवा नाही. मलेरिया व पटकीच्या साथींनी जुने गोवे ओस पडत गेले आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. दूषित हवेमुळे हा ताप येतो, असा त्या काळी समज होता. पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डॉ. रोनाल्ड रॉस यांना अ‍ॅनाफिलीस डासाच्या जठरात मलेरियाचे परजीवी आढळले.

या डासाची मादीच चावते, तीही मुख्यत्वे सायंकाळपासून पहाटेपर्यंत. रुग्णाचे रक्त शोषल्यावर तिच्या शरीरात परजीवी पक्व होण्यास साधारणतः दहा ते चौदा दिवस लागतात. त्यानंतर ती ज्यास चावेल, त्यास रोग जडू शकतो. म्हणूनच तापकरी माणसासही मच्छरदाणीत झोपवावे. त्यायोगे घरच्यांचे व शेजाऱ्यांचेही रक्षण होते.

आमच्या पाहण्यात मात्र असे येते की, मच्छरदाणी पलंगावर लागते आणि खाली चटईवर झोपणारी मुले व पाहुणे तसेच उघडे राहतात. मलेरियाचा धोका बालकांना व गर्भवतींना अधिक असतो. मच्छरदाण्या अपुऱ्या असल्यास प्रथम हक्क त्यांचा.

ग्रामस्थांनी पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात:

१. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली वा चटईखाली चोहोबाजूंनी खोचाव्यात. अंग जाळीला टेकल्यास साध्या मच्छरदाणीतून डास चावू शकतो. भोके वेळीच शिवावीत.

२. औषधयुक्त मच्छरदाणी थंड पाण्यात साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवावी. विहिरीत वा ओहोळात धुऊ नये. तिच्यातील औषध माशांना घातक असते.

३. विहिरी व टाक्या झाकाव्यात. पिंपे आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी करावीत.

४. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. दुपारी निजणाऱ्या बालकासही मच्छरदाणी लावावी.

५. थंडी वाजून ताप आल्यास त्वरित सरकारी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. ताप उतरला तरी औषध मध्येच सोडू नये. काही प्रकारच्या मलेरियाचे परजीवी यकृतात दडून राहतात आणि ताप पुन्हा उलटतो.

पाहुण्यांसाठी अंथरुणे घालताना मच्छरदाणीचीही आठवण ठेवावी, ही सर्व भाविकांस नम्र विनंती.