जुन्या मोटारगाड्यांतील विद्युत्‌दोषांचे निदान : जालना जिल्ह्याच्या संदर्भात

पन्नास वर्षांहून अधिक जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी मोटारगाड्यांच्या स्वतंत्र नोंदणीचे नियम भारत सरकारने जुलै २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. अँबॅसडर, फियाट ११००, विलिस जीप यांसारख्या गाड्यांचे मूळ भाग जपण्यास त्यामुळे नवे महत्त्व प्राप्त झाले. जालना जिल्ह्यात या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. जालना शहर भंगार वितळवून लोखंडी सळया तयार करणाऱ्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. निरुपयोगी म्हणून काढलेला डायनामो किंवा सेल्फ एकदा भंगारात गेला की तो परत येत नाही, आणि त्याच्या जोडीचा दुसरा मिळणे दुर्घट असते. सबब एखादा भाग खरोखरच बिघडला आहे किंवा कसे, हे तो बदलण्यापूर्वी निश्चित करणे अगत्याचे ठरते.

घरातील विद्युत्‌मंडलात प्रवाह जाण्यासाठी एक व परतण्यासाठी दुसरी तार असते. मोटारीत परतीची तार बहुतांशी नसतेच. बॅटरीचे एक टोक गाडीच्या लोखंडी अंगास जोडलेले असते आणि दिवा, भोंगा, सेल्फ या सर्वांचा प्रवाह त्या अंगातूनच बॅटरीकडे परततो. कारागीर या जोडणीस अर्थिंग म्हणतात. इंजिन रबरी गाद्यांवर बसविलेले असल्याने सांगाड्याशी त्याचा विद्युत्‌संबंध मुख्यतः एका जाड पट्टीवर अवलंबून असतो. या पट्टीखाली गंज धरला, सांध्यावर रंगाचा थर बसला किंवा बोल्ट सैल झाला, म्हणजे प्रवाहाच्या मार्गात रोध उत्पन्न होतो. जालना जिल्ह्याची हवा या दृष्टीने प्रतिकूल आहे. पावसाळ्यात काळ्या मातीतील चिकण अंश ओलावा धरून ठेवतो आणि सांधे गंजतात. मे महिन्यात तापमान ४० अंशांवर जाते आणि तारांवरील जुने रबर व सुती वेष्टण ठिसूळ होते. गोदामात उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर तारा कुरतडतात, ती हानी वेगळीच.

या रोधाचा परिणाम साध्या गणिताने ध्यानात येतो. १२ व्होल्टच्या गाडीतील ४५ वॅटचे दोन पुढील दिवे मिळून सुमारे साडेसात अँपिअर प्रवाह घेतात. त्यांच्या सामाईक परतीच्या मार्गात केवळ ०.२ ओहम रोध आला, तरी सुमारे १.३ व्होल्ट दाब तेथेच खर्च होतो. दाब कमी झाल्यास दिव्याचा प्रकाश त्याहून पुष्कळच वेगाने घटतो. या उदाहरणात तो सुमारे एक तृतीयांशाने कमी होईल. सेल्फ १५० अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढतो. त्याच्या मार्गात ०.०१ ओहम रोधही दीड व्होल्ट हिरावून घेतो. युद्धकाळातील विलिस जीप ६ व्होल्टवर चालत असे. तितक्याच शक्तीसाठी तेथे दुप्पट प्रवाह लागत असल्याने असा रोध तिला अधिकच जाचतो.

अशा वेळी चाचणीचा लहान दिवा लावून पाहण्याची पद्धत फसवी ठरते. त्यातून जेमतेम पाव अँपिअर प्रवाह वाहतो, ०.२ ओहम रोधावर त्यामुळे ०.०५ व्होल्ट एवढाच दाब खर्च होतो. दिवा नेहमीप्रमाणे उजळतो, तार निर्दोष मानली जाते, आणि दोष नसलेल्या सेल्फवर किंवा बॅटरीवर ठपका येतो. म्हणून परीक्षा भार चालू असतानाच घेतली पाहिजे.

प्रथम बॅटरी तपासावी. पूर्ण भारित बॅटरी काही तास स्वस्थ राहिल्यानंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाब दाखविते. त्यानंतर प्रज्वलन बंद राहील अशी व्यवस्था करून सेल्फ फिरवावा व त्याच वेळी व्होल्टमापकाचे एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या खुंटीवर, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवावे. येथे अर्ध्या व्होल्टाहून अधिक दाब दिसल्यास दोष सेल्फात शोधण्यापूर्वी पट्टी सोडवून सांधे घासून स्वच्छ करावेत. दिवे लावून दिव्याच्या कवचापासून बॅटरीच्या त्याच खुंटीपर्यंत अशीच मोजणी करावी. मार्गाचे लहान लहान भाग करून मोजत गेल्यास सदोष सांधा आपोआप उघड होतो. ब्रिटिश घडणीच्या पुष्कळ जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक अंगास जोडलेले असे. म्हणून मोजणीपूर्वी, विशेषतः नवी बॅटरी बसविण्यापूर्वी, कोणते टोक कोठे आहे याची खातरी करावी.

गाडी तापल्यावर बंद पडते व निवल्यावर पुन्हा चालते, ही उन्हाळ्यातील नेहमीची तक्रार होय. तांब्याचा रोध दर अंशास सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांवर ३ ओहम रोध असलेली प्रज्वलनाची कॉइल ८० अंशांवर सुमारे ३.७ ओहम रोध दाखविते. तिचा प्रवाह ४ अँपिअरवरून ३.२ अँपिअरवर उतरतो आणि ठिणगीसाठी साठविलेली ऊर्जा, ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने, सुमारे ३५ टक्क्यांनी घटते. त्यात पॉइंट जळके असतील किंवा जुना कंडेन्सर उष्णतेने निकामी होत असेल, तर ठिणगी पुरेशी पडत नाही. तथापि नळीत पेट्रोलची वाफ होऊनही गाडी याच रीतीने बंद पडते. गाडी बंद पडताक्षणीच ठिणगी तपासावी. ती जोरदार असल्यास दोष विद्युत्‌यंत्रणेत नसून इंधनात आहे असे समजावे.

भारणाचा लाल दिवा विझत नसल्यास प्रथम पट्टा सैल आहे काय हे पाहावे. लुकास पद्धतीच्या डायनामोची दोन्ही अग्रे बाहेरील तारांपासून सोडवून एकमेकांस जोडावीत आणि अंगाच्या सापेक्ष दाब मोजत इंजिनाची गती हळूहळू वाढवावी. दाब झपाट्याने चढल्यास डायनामो सुस्थितीत असून दोष नियामकात किंवा तारांत आहे. या परीक्षेत दाब २० व्होल्टांपलीकडे जाऊ देऊ नये. इतर बनावटींत क्षेत्र-वेटोळ्याची जोडणी भिन्न असू शकते. त्यांना ही कसोटी सरसकट लावू नये.

यांतील बहुतेक दुरुस्त्या सँडपेपर, पाना व थोडे ग्रीस यांनी होण्यासारख्या आहेत. मात्र जळलेल्या फ्यूजच्या जागी उघडी तार बसविणे कटाक्षाने टाळावे. या काळातील अनेक गाड्यांत फ्यूज दोनच असून पुढील दिव्यांना त्यांचे संरक्षण नसे. ठिसूळ वेष्टणाची तार अंगास टेकल्यास संपूर्ण गाडी पेट घेऊ शकते. काम चालू असता बॅटरीचे अर्थिंगचे टोक सोडवून ठेवावे व मोजणीपुरतेच जोडावे. मोजणीने दोष सिद्ध झाल्यावाचून कोणताही मूळ भाग काढू नये, हाच या विवेचनाचा निष्कर्ष होय.