पोट दुखतंय, पण नेमकं कुठं?

हट्ट्यात काय किंवा वसमत तालुक्यातल्या इतर कुठल्याही गावात काय, लेकराचं पोट दुखलं की आधी ओवा, मग जंताची गोळी आणि तेवढ्यानं भागलं नाही तर दवाखाना. बहुतेक पोटदुखी अशीच विरून जाते. पण एखादं लेकरू महिनोन्‌महिने कुरकुरतं, खाल्लेलं त्याच्या अंगाला लागत नाही, बरोबरीची पोरं उंच होतात आणि ते आहे तिथंच राहतं. अशा वेळी जठर दुखतंय की आतडं, हे शोधावंच लागतं.

जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा पिळाचा जंतू राहतो. जठराच्या आम्लात एरवी फारसं कुणी टिकत नाही. हा युरियापासून अमोनिया तयार करतो आणि आपल्याभोवतीचं आम्ल मारतो. तो शिरतो बालपणीच आणि बहुधा घरातूनच. आजी मायेनं घास चावून नातवाच्या तोंडात घालते, एकाच गडव्याला सगळ्यांचं तोंड लागतं; त्याला एवढी वाट पुरते. १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे जंतू वाढवायच्या बशा जास्त दिवस राहिल्या आणि तो प्रयोगशाळेत पहिल्यांदा वाढला. पुढे बॅरी मार्शल यांनी तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ चं नोबेल त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना मिळालं.

मग हाच जंतू आतड्यालाही सूज आणत असेल, असं कुणालाही वाटेल. निघालं उलटंच. क्रोन किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आतड्याचा दीर्घ दाह असलेल्या रुग्णांत, मुलांतसुद्धा, हा जंतू इतरांपेक्षा कमी सापडतो. उंदरांवरच्या प्रयोगांत तो शरीराच्या संरक्षक पेशींना सबुरी शिकवतो असं दिसलं. पण दुसरंही कारण संभवतं: अशा मुलांना लहानपणी भरपूर अँटिबायोटिक मिळाले असतील, त्यात हा जंतूही गेला आणि आतड्यातली जंतूंची वस्तीही विस्कटली. मला वाटतं, हा जंतू मुख्यतः खूण आहे. मातीत, गर्दीत, गुराढोरांत गेलेल्या बालपणाची. कॅनडाच्या ऑन्टारियोत स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांच्या तिथं जन्मलेल्या मुलांत आतड्याच्या दाहाचं प्रमाण स्थानिक मुलांच्या जवळपास पोचलं. रक्त तेच, बालपण बदललं.

म्हणून जंतू पाळावा, असं मुळीच नाही. १९९४ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं त्याला कर्करोगकारकांत धरलं आहे. शुद्ध पाणी आणि संडास हवेतच. नको आहे ती मोघम पोटदुखीवर अँटिबायोटिकची घाई. नुसत्या पोटदुखीसाठी मुलांत या जंतूची तपासणीच करू नये, असं बालपोटविकारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. उपचार करायचेच तर ते १४ दिवसांचे, आणि कुठलं औषध लागू पडतं ते पाहून.

शौचातून रक्त, झोपेतून उठवणारी कळ, आठवडे न थांबणारे जुलाब, अधूनमधून ताप, गुदद्वाराशी फोड किंवा नासूर, खुंटलेली उंची: यातलं काही दिसलं तर मात्र घरी बसू नये. आपल्याकडे हळदीच्या दुधाचा सल्ला हमखास मिळतो. हळदीतल्या कर्क्युमिनचे प्रयोग झाले आहेत, पण मुख्यतः मोठ्या माणसांत आणि नेहमीच्या औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नव्हे. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन तपासलं की आतड्यात सूज आहे का याचा अंदाज येतो. पक्कं निदान दुर्बिणीनं आणि आतड्याचा तुकडा तपासूनच. तेही अवघड, कारण लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथं बहुधा क्रोन बसतो आणि क्षयही. दोन्हींची सूज दिसायला सारखी, उपचार मात्र अगदी वेगळे; क्षय समजून दिलेल्या औषधांत महिने निघून जातात.

क्रोनमध्ये कधीकधी पोट दुखायच्या कितीतरी आधी उंची थांबते. म्हणून नांदेडला किंवा परभणीला मोठ्या डॉक्टरांकडे जाताना अंगणवाडीतल्या आणि शाळेतल्या वजन-उंचीच्या जुन्या नोंदी पिशवीत घालाव्यात. वाढीची रेघ कुठल्या वर्षी वाकली, हे त्या कागदावर दिसतं.