दारूडा म्हणून मोकळे होऊ नका!

आमच्याकडे पोटगीसाठी बाया येतात. नवऱ्याची बाटली आधी सांगतात. गांजा, झोपेच्या गोळ्या आणि रात्री होणारे भास शेवटी निघतात. नवरा जालन्याच्या स्टील कारखान्यात राबणारा असो की अंबड-घनसावंगीकडचा ऊसतोड मजूर, वस्ती त्याला ‘दारूडा’ म्हणून मोकळी झालेली असते.

दारूवर झोपेच्या गोळ्या घेतल्या तर श्वास बंद पडू शकतो. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर हात कापतात, फिट येते, नसलेली माणसे दिसतात. लोक त्याला ‘बाहेरचे’ समजून देवऋषी गाठतात. बांधवांनो, हा आजार आहे! व्यसन आणि मनोविकार, दोहोंचा इलाज एकत्रच झाला पाहिजे.

आणि तो हक्क आहे, भीक नव्हे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने दारू व अंमली पदार्थांच्या व्यसनाशी निगडित मनोविकार ‘मानसिक आजार’ मानले आहेत. कलम १८ प्रमाणे दारिद्र्यरेषेखालील माणसाला, कार्ड असो वा नसो, सरकारी दवाखान्यात हा उपचार मोफत आहे. कलम २७ मोफत वकील देते. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांकही विनाशुल्क आहे.

पाचवे शील आपण विहारात म्हणतो, ते स्वतःला आवरण्यासाठी. पिणाऱ्याला हाकलण्यासाठी नव्हे. त्याला हाताला धरून सिव्हिलला नेणारा कार्यकर्ता आम्हाला प्रत्येक वस्तीत हवा आहे. तो तुम्ही का नाही?