शब्दांची सोयरीक

पाठ्यपुस्तकातील धड्याखाली ‘समानार्थी शब्द लिहा’ असा एक प्रश्न हटकून असतो. ‘जल म्हणजे पाणी’ असे लिहून मूल मोकळे होते आणि पूर्ण गुण मिळवते. परंतु तेवढ्याने त्याला शब्दाचा अर्थ उमगला असे म्हणता येत नाही.

अर्थ उमगतो तो शब्दांची अदलाबदल फसते तेथे. चिंच पाहून तोंडाला पाणी सुटते, जल सुटत नाही. उलट देव्हाऱ्यातल्या गडूत गंगाजल असते, ‘गंगापाणी’ नव्हे. ‘पाणीदार डोळे’ याऐवजी कोणी ‘जलदार डोळे’ म्हटले तर सारा वर्ग हसतो. नेमके त्याच वेळी शिक्षकाने विचारावे, ‘का हसलात?’ मग मुलेच सांगू लागतात की, ‘पाणी’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द. म्हणून तेज, हिंमत असे अर्थ त्याला येऊन मिळाले. ‘जल’ मात्र पूजेत आणि पोथीतच अधिक रमला.

याच्या उलट खेळ एका शब्दाच्या अनेक अर्थांचा. झाडाचे पान, पुस्तकाचे पान, विड्याचे पान आणि जेवणाचे वाढलेले पान, ही चारही पाने मुळात एकाच झाडाची. पूर्वी ग्रंथ ताडपत्रांवर लिहीत आणि जेवण केळीच्या पानावर वाढीत, एवढे सांगितले की पुढचा उलगडा मुले आपण होऊन करतात. ‘वर’ या शब्दाची गोष्ट जराशी निराळी. लग्नातला वर आणि देवाने दिलेला वर, दोन्ही ‘निवडणे’ या अर्थाच्या एकाच संस्कृत धातूपासून आले. माडीवरचा ‘वर’ मात्र ‘उपरि’पासून आलेला. पहिले दोघे सगोत्र, तिसरा केवळ नामसाधर्म्याचा पाहुणा!

ही दृष्टी नवी नाही. अमरसिंहाच्या ‘अमरकोशा’त समानार्थी शब्दांचे वर्ग आहेत, तसाच अनेकार्थी शब्दांचा ‘नानार्थवर्ग’ही आहे. पाठांतराच्या जोडीला शोध हवा, इतकेच.

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांना तर या शोधाची गरज अधिक. कोलकात्यातला मराठी मुलगा शेजारच्या बंगालीच्या सवयीने ‘मी चेष्टा करीन’ म्हणतो. त्याच्या मनात प्रयत्न असतो. आजीच्या कानी थट्टा पडते. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. अशा वेळी ‘चुकलास’ एवढेच म्हटले, तर मूल घरात मराठी बोलण्यास कचरू लागते, आणि हळूहळू त्याची मराठी ‘हो’ आणि ‘नको’ यांवर येऊन थांबते. त्याऐवजी ‘शिक्षक’ आणि ‘शिक्षण’ या मराठी शब्दांत हिंदीचाच अर्थ कसा टिकून आहे, हे त्याला शोधू द्यावे. दोन भाषांच्या उंबरठ्यावर वाढणे ही अडचण नसून मिळकत आहे, हे त्याच्या ध्यानात येईल.

यासाठी फळा किंवा कोश लागतोच असे नाही. रात्रीच्या जेवणाच्या वेळी रोज एक शब्द घ्यावा; प्रारंभ समोरच्या पानापासूनच करावा.