फुले वाडा बघायला जाल तर वही घेऊन जा

पुण्यात गंज पेठेत, जिला आता महात्मा फुले पेठ म्हणतात, एक बसका कौलारू वाडा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई इथे राहत होते. आज तो राज्य संरक्षित स्मारक आहे. पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करायला पुण्यात आलेले कितीतरी जण त्याच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतात आणि एकदाही तिकडे फिरकत नाहीत. जे जातात ते बहुतेक ११ एप्रिलला नाहीतर २८ नोव्हेंबरला, म्हणजे जयंतीला किंवा स्मृतिदिनाला जातात. त्या दिवशी हार असतात, घोषणा असतात, गर्दी असते. ते सगळं योग्यच आहे, पण त्या गर्दीत बघणं होत नाही. तुम्ही एखाद्या साध्या मंगळवारी-बुधवारी जा, दोन तास काढून जा.

मी इतिहासाची नाही, वनस्पतीशास्त्राची. तरी संशोधन करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला मी हा वाडा सुचवते. कारण ‘पुरावा म्हणजे काय’ हा संशोधन पद्धतीच्या पेपरातला रटाळ वाटणारा प्रश्न तिथे अंगावर येतो.

आमच्याकडे हर्बेरियम असतं. म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने कागदावर चिकटवून ठेवलेला संग्रह. त्या कागदाच्या कोपऱ्यात एक लेबल असतं: वनस्पतीचं नाव, कुठे सापडली, कोणत्या तारखेला, कोणी गोळा केली, नमुना क्रमांक. लेबल नसेल तर शंभर वर्षांचा नमुनासुद्धा वाळलेलं गवत. आणि त्याहून मला आवडणारी एक पद्धत आहे. नंतरच्या एखाद्या तज्ज्ञाला वाटलं की नाव चुकलंय, तर तो जुनं लेबल काढून टाकत नाही. शेजारी नवी चिठ्ठी चिकटवतो, स्वतःच्या नावासह आणि तारखेसह. त्यामुळे कोण काय म्हणालं आणि कधी म्हणालं, हे पन्नास वर्षांनीही कळतं.

वाड्यात शिरल्यावर हीच पद्धत लावून बघा. तिथे तीन थर एकमेकांत मिसळलेले आहेत. जोतीरावांच्या काळातलं जे उरलंय ते, स्मारक झाल्यावर दुरुस्त केलेलं ते, आणि आठवण म्हणून नंतर घातलेलं ते. भिंतींवर त्यांच्या आयुष्यातल्या प्रसंगांची चित्रं आहेत. चित्रं बघून भारावून जायला होतं, पण ती त्या प्रसंगांच्या वेळी काढलेली नाहीत. नंतरच्या चित्रकाराने, नंतरच्या काळात, चरित्रं वाचून केलेली ती कल्पना आहे. म्हणजे आपल्या भाषेत दुय्यम साधन. परिसंवादांत मी असे सादरीकरणाचे स्लाइड पाहिलेत जिथे भिंतीवरच्या चित्राचा फोटो ‘पुरावा’ म्हणून लावलेला असतो. चित्र वाईट म्हणून नव्हे, तर ते फुल्यांबद्दल जितकं सांगतं त्याहून जास्त ते काढणाऱ्या काळाला फुले कसे आठवायचे होते याबद्दल सांगतं, म्हणून सावध राहायचं. आणि तुमचा विषयच ‘स्मरण कसं घडतं’ असा असेल, तर तेच चित्र तुमचं प्राथमिक साधन होतं! साधन प्राथमिक की दुय्यम हे वस्तूवर ठरत नाही, तुमच्या प्रश्नावर ठरतं. ही गोष्ट मला पुस्तकात तीनदा वाचून कळली नव्हती.

मग हौद. आपल्या घरचा पाण्याचा हौद जोतीरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. आवारात उभं राहून तुम्ही ही घटना आठवाल तेव्हा एक लक्षात येईल. दगड आणि पाणी ती घटना सांगत नाहीत. ती आपल्याला लिखाणातून, चरित्रांतून आणि लोकांच्या आठवणींतून माहीत आहे. जागा काय देते? अंतर देते, माप देते. घर किती लहान आहे, आवार रस्त्याच्या किती जवळ आहे, पाणी भरायला येणारा माणूस किती शेजाऱ्यांच्या नजरेसमोरून आला असेल, हे कागदावरून कळत नाही. तिथे गेल्यावर पावलं मोजून बघा. ‘हौद खुला केला’ या तीन शब्दांत काय धाडस होतं ते पावलांतून समजतं.

सगळ्यात अवघड वस्तू मागच्या बाजूला आहे: समाधी. जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० ला गेले. आपलं दहन करू नये, मिठात घालून पुरावं, अशी त्यांची इच्छा होती. वस्तीत पुरायला परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन झालं. अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी धरलं. अस्थी घराच्या आवारात ठेवल्या आणि त्यावर तुळशी वृंदावन आहे. आता विचार करा. आयुष्यभर पुरोहितशाहीशी भांडलेल्या माणसाची समाधी तुळशी वृंदावनाच्या रूपात! माझ्याबरोबर आलेली मैत्रीण म्हणाली, “हे तर त्यांच्या विचाराविरुद्ध झालं.” मला तसं लगेच म्हणवत नाही. वृंदावन हे तेव्हाच्या घरच्या माणसांना येत असलेलं स्मारकाचं रूप होतं. शेतकरी-माळी घराच्या अंगणात दुसरं कोणतं रूप सहज सुचलं असतं? पण ‘विसंगती आहे’ आणि ‘विसंगती नाही’ या दोन्ही निष्कर्षांच्या आधी ती वहीत टिपायची. जो निरीक्षणातला न बसणारा मुद्दा गाळतो त्याचा आलेख सुंदर येतो आणि प्रबंध पोकळ निघतो.

वाड्यात जाण्यापूर्वी ‘गुलामगिरी’ वाचून जा. छोटं पुस्तक आहे, १८७३ चं. सोळा भागांत जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवाद आहे. अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या लोकांना आहे, तिथल्या गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी त्यांनी जे केलं त्याबद्दल. अमेरिकेत गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६५ ची. म्हणजे आठ वर्षांत गंज पेठेतला एक माणूस त्या घटनेचा आपल्या समाजाशी संबंध जोडून मोकळा झाला होता. याच वर्षी, २४ सप्टेंबरला, सत्यशोधक समाज स्थापन झाला.

इथे एक प्रश्न मला विज्ञानाच्या सवयीने पडतो. दोन गोष्टींची तुलना करताना त्या तुलना करण्याजोग्या आहेत का? अमेरिकेतला गुलाम कायद्याने मालकाची मालमत्ता होता, त्याची विक्री होत असे. जातीत विक्रीचा कागद नसतो. शिवाय कंपनी सरकारच्या १८४३ च्या पाचव्या कायद्याने इथल्या न्यायालयांनी माणसावरची मालकी मानणं बंद झालं होतं. पेशवाईत कुणबिणी विकत घेतल्या जात, त्याची नोंद कागदपत्रांत आहे. पण १८७३ पर्यंत कायद्याच्या दृष्टीने हा विषय संपलेला होता. मग फुल्यांनी ‘गुलाम’ हा शब्द का वापरला? कारण त्यांना कायद्याबद्दल बोलायचंच नव्हतं. मालक मनात बसलाय, तो धर्मकथांतून बसवला गेलाय, असं त्यांना म्हणायचं होतं. म्हणूनच पुस्तकाचा मोठा भाग दशावतारांच्या कथा उलगडून त्यांचा वेगळा अर्थ लावण्यात जातो. त्यातली प्रत्येक व्युत्पत्ती आज भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकेल असं नाही, आणि टिकायची गरजही नाही. त्यांनी केलं ते असं की एका ठिकाणचा शब्द उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवला आणि तोवर ‘रीत’ म्हणून चालून गेलेली गोष्ट अन्याय म्हणून दिसायला लागली. तुमच्या संशोधनातली संकल्पना इतकं काम करते का, हे एकदा तपासून बघा.

अमेरिकेतल्या लेखकांची घरं आठवली की फरक दिसतो. ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टोव यांचं हार्टफर्डमधलं घर आज संग्रहालय आहे. त्या तिथे राहायला आल्या १८७३ मध्ये, म्हणजे ‘गुलामगिरी’च्याच वर्षी. पुस्तक मात्र वीसेक वर्षं आधीचं, दुसऱ्याच घरात लिहिलेलं. म्हणजे जे घर जपलं जातं ते पुस्तकाचं असेलच असं नाही. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामीत जन्मले, १८३८ मध्ये पळून स्वतंत्र झाले आणि पुढे मोठे लेखक-वक्ते झाले. वॉशिंग्टनमधल्या त्यांच्या घरात त्यांचं टेबल आहे, पुस्तकं आहेत. १८९५ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या पत्नी हेलन यांनी ते घर टिकवण्यासाठी धडपड केली. इकडे सावित्रीबाई १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या, दत्तक मुलगा डॉ. यशवंत १९०५ मध्ये गेले, आणि पुढे घर कुटुंबाकडे राहिलं नाही. वाड्यात वस्तू कमी आणि चित्रं जास्त का, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. संग्रहालयातली रिकामी जागाही डेटाच असते. तिथे काय नाही आणि का नाही, हा वहीतला वेगळा रकाना करा.

बुधवार पेठेतला भिडे वाडा आठवा. १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली ती तिथे. वर्षानुवर्षं पडझड होत राहिली आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये स्मारक उभारण्यासाठी तो पाडला गेला. आता तिथे जे होईल ते नवंच बांधकाम असेल. त्या शाळेच्या खोलीची लांबी-रुंदी कोणाला हवी असेल तर जुने नकाशे आणि फोटो शोधावे लागतील.

पुण्याबाहेरचे विद्यार्थी म्हणतात, आम्हाला वाडा लांब पडतो. मी डिंभ्याची आहे, घोडेगाव-मंचर करत एसटीने पुण्याला यायचं म्हणजे काय ते मला माहीत आहे. पण हा धागा आपल्या भागातही येतो. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरहून सावित्रीबाईंनी जोतीरावांना पाठवलेलं २० एप्रिल १८७७ तारखेचं पत्र आहे. त्यात दुष्काळाचं वर्णन आहे: माणसं गावं सोडून चाललीत, जनावरं मरताहेत, सत्यशोधक मदतीला उभे आहेत. त्याच ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांच्या घरची लग्नं ब्राह्मण पुरोहिताविना लागली, तेव्हा गावच्या जोशांनी आपल्या हक्कासाठी दावा लावला आणि भांडण वरच्या न्यायालयापर्यंत गेलं. ओतूरला या सगळ्याचं संग्रहालय नाही. पत्राला मात्र ठिकाण आहे, तारीख आहे, लिहिणारीचं नाव आहे. हर्बेरियमच्या लेबलाला अजून काय लागतं?

आणि आमचं डिंभे. घोड नदीवर धरण झालं, जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचं नाव दिलं. ज्या आंबेगावावरून तालुक्याचं नाव पडलं ते गावच पाण्याखाली गेलं, शेजारची आदिवासी गावंही. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव शेतीसाठी तलाव-बंधारे बांधा असं सांगतात, आणि ठेकेदार म्हणून त्यांनी खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला माल पुरवला होता. मला हे वाचून बरंही वाटतं आणि अवघडही. धरणाच्या पाण्यावर आमच्या खालच्या गावांत ऊस उभा राहिला, आणि वरच्या गावांतल्या घरांचं कोणी स्मारक केलं नाही. जोतीरावांना त्यांच्या आवारात उभं राहून विचारायचा प्रश्न मला सापडला तो हा. त्याचं उत्तर वाड्यात नाही, पण वाडा बघितल्याशिवाय तो मला पडलाही नसता.

मे महिन्यात जलाशय उतरला की जुन्या घरांची जोती वर येतात. यंदा मी मोजपट्टी, वही आणि आत्याला घेऊन जाणार आहे. कोणतं जोतं कोणाचं, चूल कुठल्या कोपऱ्यात होती, हे तिला अजून सांगता येतं. ती सांगेल तसं मी लिहीन: ठिकाण, तारीख, सांगणारीचं नाव, क्रमांक. पाणी जूनच्या शेवटी परत चढतं, म्हणजे हातात पाच-सहा आठवडे आहेत.