माडचीं द्राक्षें आणि दहा माणसें

'माड' हा शब्द कानावर पडला कीं मराठी श्रोत्याच्या डोळ्यांपुढें कोंकणचा किनारा उभा राहतो. परंतु ज्या माडची ही हकीकत आहे, तें गांव समुद्रापासून फार दूर, हंगेरी देशाच्या ईशान्य भागांत आहे, आणि त्याचा संबंध नारळाशीं नसून द्राक्षांशीं आहे. आज तेथें सुमारें दोन हजार लोक राहतात. टेंकड्यांच्या उतारांवर मळे, त्याच उतारांच्या पोटांत कोरलेलीं तळघरें, आणि गांवांतील एका चढावर उंच छपराचें एक प्रार्थनामंदिर, असा त्याचा देखावा आहे. हें मंदिर यहुदी लोकांचें. त्याच्या भिंती व छप्पर उत्तम स्थितींत आहेत आणि पाहुण्यांस तें आंतून दाखविलेंहि जातें. फक्त तेथें नित्य प्रार्थना करणारा समाज आतां गांवांत उरलेला नाहीं. हे लोक येथें कां आले, पिढ्यान्‌पिढ्या कसे राहिले आणि कसे नाहींसे झाले, हें समजून घ्यावयाचें तर आरंभ द्राक्षापासूनच केला पाहिजे.

माडच्या आसमंतांत बोद्रोग आणि तिसा या दोन नद्या वाहतात. टोकाय या गांवापाशीं त्यांचा संगम होतो, आणि त्या गांवाच्या नांवानेंच हा सारा प्रदेश व तेथील द्राक्षमद्य जगांत प्रसिद्ध आहे. शरद ऋतूंत पहांटे नद्यांवरून धुकें उठून मळ्यांवर पसरतें; दुपारीं ऊन पडलें कीं तें विरतें. या ओल्या सकाळीं आणि कोरड्या दुपारीं यांच्या योगानें पिकलेल्या द्राक्षांवर एक प्रकारची बुरशी धरते. अन्यत्र अशा बुरशीनें हातचें पीक जावयाचें. येथें ती वरदान ठरते. तिच्यामुळें सालीस सूक्ष्म छिद्रें पडतात, आंतील पाणी उडून जातें, आणि साखर व सुवास मागें ठेवून फळ मनुक्यासारखें आटतें. अशा फळास तेथील भाषेंत 'अस्सू' म्हणतात. मजूर तीं द्राक्षें घडांतून एक एक वेंचून काढतात. सुमारें २५ किलो माल मावणाऱ्या, पाठीवर घेण्याच्या टोपलीनें तीं मोजण्याची जुनी रीत होती. १३६ लिटरच्या पिपास अशा किती टोपल्या घातल्या, यावरून मद्याची गोडी ठरे. १७३७ सालीं राजाज्ञेनें या मद्याच्या प्रदेशाच्या सीमा आंखून देण्यांत आल्या. माड हें त्यांतील एक प्रमुख गांव होय.

या मद्याचें मोठें गिऱ्हाईक उत्तरेस, कार्पेथियन पर्वतापलीकडे पोलंडांत होतें. तेथील सरदारांस तें प्रिय होतें, आणि तेथील फार मोठ्या यहुदी समाजासहि तें हवें असे. यहुदी धर्मांत मद्य ही केवळ चैनीची वस्तु नव्हे. शब्बाथच्या संध्याकाळीं मद्याच्या पेल्यावर आशीर्वचन म्हणावयाचें असतें. वल्हांडणाच्या रात्रीं प्रत्येकानें चार पेले घ्यावयाचे असतात. अर्थात् तें मद्य शुद्ध असलें पाहिजे, आणि शुद्धतेचा नियम मोठा कडक आहे. द्राक्षें चेंगरून रस वाहूं लागला कीं तेव्हांपासून पीप मोहोरबंद होईपर्यंत त्यास धर्म पाळणाऱ्या यहुद्याखेरीज दुसऱ्या कोणाचा हात लागतां कामा नये. सोंवळ्या-ओंवळ्याच्या कल्पना ज्यांच्या घरांतच नांदत आल्या, त्यांस हा नियम चमत्कारिक वाटण्याचें कारण नाहीं.

या एका नियमानें माडचा इतिहास घडविला. मळा कोणाचाहि असो, द्राक्षें कोणीहि तोडोत. पण तीं चेंगरणें, रस गाळणें, पिपें भरणें आणि त्यांवर मोहोर लावणें हीं कामें यहुद्यांनींच करावयास हवीं होतीं. तेव्हां क्राकौच्या व्यापाऱ्यास नुसतें पत्र लिहून माल मागवितां येईना. त्याचा धर्मबंधु प्रत्यक्ष गांवांत असणें भाग पडलें. पोलंडांतून आणि पुढें गॅलिशियांतून यहुदी कुटुंबें टोकायच्या प्रदेशांत येऊन स्थिरावलीं, तीं मुख्यतः या व्यापाराच्या आधारानें. ख्रिस्ती शेतकऱ्यास खात्रीचा खरेदीदार मिळाला आणि यहुद्यास पोटापाण्याचा उद्योग मिळाला. दोघांचा देव वेगळा होता, सुटीचा दिवस वेगळा होता. तथापि हंगाम मात्र एकच होता.

या वसाहतीस राज्याचा पाठिंबा मात्र बेताचाच होता. मारिया थेरेसा राणीनें १७४४ सालीं यहुद्यांवर एक स्वतंत्र कर बसविला. त्याचें नांवच 'सहिष्णुतेचा कर' असें होतें. म्हणजे देशांत राहूं दिल्याबद्दल दरसाल द्यावयाचें मोल. तो १८४६ पर्यंत चालू होता. जमीन विकत घेण्याचा सर्वसाधारण हक्कहि त्यांस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नव्हता. असें असूनहि माडच्या यहुद्यांनीं १७९५ सालीं आपलें मंदिर उभारलें. चार भक्कम खांबांच्या मधोमध एक उंच ओटा आहे. त्यावर उभें राहून धर्मग्रंथाचें वाचन करीत. पूर्वेच्या भिंतींत ग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवण्याचें कपाट, आणि स्त्रियांकरितां वरचा सज्जा. शेजारींच रब्बीचें घर आणि पाठशाळा. ज्यांच्या राहण्याचा हक्कच दरसाल विकत घ्यावा लागे, त्यांनीं एवढी पक्की इमारत बांधावी, यांतच त्यांचा या भूमीविषयींचा विश्वास दिसून येतो.

१८६७ सालीं हंगेरीच्या कायद्यानें यहुद्यांस नागरिकत्वाचे समान हक्क दिले. लौकरच त्यांच्यांत दोन पक्ष पडले. शहरांतील पुष्कळांनीं उपासनेंत सुधारणा स्वीकारली; माडनें जुना आचार सोडला नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९३२ सालीं मृत्यु येईपर्यंत तेथें मोर्देखाइ विंक्लर हे रब्बी होते. आचारधर्मासंबंधींच्या प्रश्नांस त्यांनीं दिलेल्या उत्तरांचे संग्रह आजहि अभ्यासिले जातात. जवळच्याच बोद्रोगकेरेस्तूर गांवीं येशाया स्टायनर नांवाचे सत्पुरुष १९२५ पर्यंत हयात होते. त्यांच्या दारांतून भुकेला कोणी परत जात नसे, अशी त्यांची ख्याति होती.

ऐहिक बाजूनें मात्र काळ पालटत होता. १८८० नंतरच्या दशकांत मुळें खाणाऱ्या एका सूक्ष्म कीटकानें मळेच्या मळे उजाड केले, आणि वेली नव्यानें लावाव्या लागल्या. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीच्या सीमा आंखडल्या व उत्तरेच्या जुन्या वाटेवर परक्या राज्यांचीं नाकीं उभीं राहिलीं. पराभूत राष्ट्र आपल्या दुःखाचा धनी शोधूं लागलें. १९२० सालीं विद्यापीठांतील यहुदी विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित करणारा कायदा झाला. १९३८, १९३९ आणि १९४१ च्या कायद्यांनीं त्यांचे धंदे, नोकऱ्या व विवाहाचें स्वातंत्र्य यांवर एकामागून एक बंधनें घातलीं. १९४२ च्या कायद्यानें शेतजमिनी, आणि त्यांबरोबर द्राक्षांचे मळेहि, यहुद्यांच्या मालकींतून काढून घेण्याची तजवीज केली. तरुण पुरुषांस हत्यार न देतां सक्तीच्या मजूर-पथकांत धाडण्यांत आलें. येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. हे सारे कायदे जर्मन सैन्य हंगेरींत शिरण्यापूर्वींचे आहेत आणि ते हंगेरीच्याच विधिमंडळांत संमत झालेले आहेत.

तें सैन्य १९ मार्च १९४४ रोजीं शिरलें. ५ एप्रिलपासून प्रत्येक यहुद्यास अंगरख्यावर पिंवळी चांदणी लावणें सक्तीचें झालें. त्या वर्षीं वल्हांडणाचा सण १५ एप्रिलला संपला, आणि दुसऱ्याच दिवसापासून देशाच्या ईशान्य भागांत यहुद्यांची धरपकड सुरू झाली. ती करणारे शिपाई हंगेरीचेच होते. माडच्या लोकांस शातोराल्या-उइहेय या जिल्ह्याच्या मुख्य शहरीं नेऊन कोंडलें. तेथें आसपासचीं मिळून सुमारें १५,००० माणसें कांहीं गल्ल्यांत दाटलीं होतीं. तरुण पुरुष पूर्वींच नेलेले असल्यामुळें त्यांत स्त्रिया, मुलें आणि वृद्ध यांचा भरणा अधिक होता. मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत चार आगगाड्यांनीं त्या सर्वांस ऑश्वित्झ येथें पोंचविलें, आणि बहुतेकांस पोंचतांच ठार मारण्यांत आलें. १५ मे ते ९ जुलै या आठ आठवड्यांत साऱ्या हंगेरींतून अशीं सुमारें ४,३७,००० माणसें नेण्यांत आलीं. एका गांवास समाज जमवावयास जीं दोन शतकें लागलीं, त्यांचा हिशेब इतक्या अल्प अवधींत मिटविण्यांत आला.

युद्ध संपल्यावर थोडेसे लोक परतले. पण मृतांच्या घरांमध्यें राहणें त्यांस कठीण गेलें, आणि पुढील वर्षांत तेहि हळूहळू निघून गेले. तळघरें व मळे यांचा मोठा भाग सरकारी शेतीकडे गेला. १९९० नंतर ते पुन्हां खासगी मालकीकडे आले, आणि माडच्या मद्यास जुना लौकिक पुन्हां लाभला. २००२ सालीं टोकायच्या प्रदेशास जागतिक वारशाचा मान मिळाला. पडझड झालेल्या मंदिराचा जीर्णोद्धार २००४ सालीं पुरा झाला. त्यानंतर रब्बीच्या घराचीहि दुरुस्ती झाली. सत्पुरुषांच्या समाधींच्या दर्शनास दूरदेशींहून येणारे यात्रेकरू आतां माडलाहि थांबतात.

परंतु यहुदी धर्मांत सामुदायिक प्रार्थनेस निदान दहा प्रौढ पुरुष उपस्थित असावे लागतात, असा जुना नियम आहे. नऊ असतील तर कांहीं मंत्र म्हणतांच येत नाहींत. मृतांच्या स्मरणार्थ म्हणावयाची प्रार्थनाहि त्यांतच येते. यात्रेकरूंची गाडी येते तेव्हां माडच्या मंदिरांत ही संख्या भरते आणि ती प्रार्थना म्हटली जाते. गाडी निघून गेली म्हणजे दाराला कुलूप लागतें. शरद ऋतूंत धुकें अजूनहि नद्यांवरून उठतें, द्राक्षें पूर्वींप्रमाणेंच आटतात, आणि मजूर तीं एक एक वेंचतात. दगडचुना आणून मंदिर पूर्ववत् करतां आलें; गांवांतील दहा माणसें मात्र कोणासहि परत आणतां आलीं नाहींत.